पहिल्या गोळीचा राजा

ओबरहेल्मर्न, सोमवार, ८ जुलै

प्रिय इर्मगार्ड,

सर्वप्रथम एका घोर अन्यायाची नोंद घे. यंदा नेमबाजीच्या जत्रेत सॉसेजच्या टपरीवरून मोहरीच्या चटणीची बादली हटवण्यात आली आहे. तीच ती, आपल्या बाबांच्या काळापासूनची, दांडा दाबला की भसकन अंगावर येणारी. तिच्या जागी आता पुड्या. स्वच्छतेचा नियम आला म्हणे. आता मला सांग, माणसाच्या एका हातात बिअर असते, दुसऱ्यात सॉसेज. पुडी फाडायला तिसरा हात परमेश्वरानं दिलेला नाही आणि जत्रा समितीनंही त्याची सोय केलेली नाही. मी जागेवरच तोंडी निषेध नोंदवला. लेखी निषेध शनिवारच्या माझ्या सदरात येईल.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की आज सकाळी तो आवाज झाला तेव्हा मी दातांनी पुडी फाडत होतो. चारशे माणसं मैदानात होती. त्यांतल्या तीनशे नव्व्याण्णवांनी ते पाहिलं. गावातला एकमेव पत्रकार पुडी पाहत होता.

तुझा नवरा राजा झाला, इर्मगार्ड.

‘नवरा’ शब्दावर तू नाक मुरडशील. पण घटस्फोटाच्या कागदांवर सहा वर्षांत ना तू सही केलीस ना त्यानं, म्हणजे कायद्यानं नवराच. आणि गावच्या नियमानं आता तो राजाही आहे.

तुला आठवत असेल, पाहुण्यांच्या मानाच्या गोळ्या आधी झडतात. पाद्री, मग सरपंच, मग आमदार. खांबावरच्या लाकडी गरुडाला यांच्यापैकी कोणी इजा करायची नाही, आभाळात गोळी सोडायची आणि टाळ्या घ्यायच्या. कारण शेवटचा तुकडा पाडेल तो वर्षाचा राजा, आणि ती हौस शेतकऱ्यांच्या पोरांची. त्यांना दोनेकशे गोळ्या लागतात, दुपार होते, तोवर बिअर खपते. अशी व्यवस्था आहे.

आमदार म्हणून तुझ्या बेर्टोल्डनं व्यवस्थेप्रमाणेच केलं. गरुड सोडून चांगला हातभर खाली नेम धरला. सत्तावीस वर्षं आमदारकीत त्यानं नेम चुकवण्याचाच सराव केलाय. पण यंदा गरुड म्हाताऱ्या कास्परनं बनवला नव्हता. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. बनवला त्याच्या जावयानं, टोर्बेननं. तो शहरात कपाटं करतो. गरुड सुरेख झाला होता, प्रथमच दोन्ही पंख सारखे. फक्त एकही खिळा नव्हता. सगळा गोंद. आणि रविवारभर पाऊस. गोळी लागली लोखंडी खांबाला, खांब थरथरला, आणि मुकुटापासून शेपटीपर्यंतचा आख्खा पक्षी सरपंचाच्या पायाशी येऊन आदळला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात ना, ते मी म्हण म्हणून ऐकलं होतं. प्रत्यक्षात घडतं तेव्हा मी तिथे असून नसतो.

मी वर पाहिलं तेव्हा खांब रिकामा होता आणि माणसं आ वासून उभी होती. बँडवाल्याच्या तोंडातली तुतारी तोंडातच. आपल्या नेमबाज मंडळाचा कर्नल आल्फोन्स श्लोटमान तलवार काढून धावला खरा, पण तिचं काय करायचं ते त्याला सुचेना.

“हे मोजायचं नाही,” टोर्बेन म्हणाला. “मी दुसरा करून देतो. तासाभरात.”

“गप रे, गोंदवाल्या!” आल्फोन्स ओरडला. मग बेर्टोल्डकडे वळला. “सभासद आहेस?”

“सोळाव्या वर्षापासून,” बेर्टोल्ड म्हणाला. चेहरा चुन्यासारखा.

“घर गावात?”

“तुझ्याच शेजारी, आल्फोन्स. काल तुझा कुत्रा माझ्या अंगणात घाण करून गेला.”

“मग झालास की राजा. नियम म्हणजे नियम. आता राणीचं नाव सांग. बँडची धून संपायच्या आत.”

बँड वाजू लागला. तुला सांगतो, त्या मैदानात सकाळपासून बेर्टोल्डशी कोणी ग्लासाला ग्लास लावला नव्हता. ब्रेमेकेच्या इस्पितळातलं प्रसूतिगृह बंद करायचं विधेयक ऑक्टोबरात मताला येतंय, त्याच्या पक्षाला विधानसभेत एका मताचं बहुमत आहे, आणि हा होयबा हात वर करणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मागच्या वेळी त्यानं तुझ्या स्वयंपाकघरात ‘नाही म्हणेन’ असं वचन दिलं आणि राजधानीत जाऊन वाल्डरोडचं प्रसूतिगृह बंद करायला ‘हो’ म्हणाला. तिथे बावीस वर्षं दाई होती त्या बाईला, म्हणजे तुला, हे मी सांगायला नको. तर अशा माणसाची राणी व्हायला कोण पुढे येणार? बायका बुटांकडे बघत होत्या. धून संपत आली.

“इर्मगार्ड,” तो म्हणाला.

“कुठली इर्मगार्ड?” आल्फोन्सनं विचारलं. गावात ती एकच होती आणि ती उत्तर समुद्रातल्या बेटावर चहाचं दुकान चालवते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

“माझी बायको,” बेर्टोल्ड म्हणाला.

दुपारी मिरवणूक निघाली. राणी नाही म्हणून राजाला सुट्टी नसते. तो चांदीची माळ गळ्यात घालून, उजवा हात कोपरात वाकवून, त्या कोपरात कोणीही नसताना, चर्चपासून हॉलपर्यंत चालत गेला. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मी स्वतः हसायच्या तयारीत होतो.

तू राणी आहेस, एवढं कळवायचं होतं. सप्टेंबरात जिल्ह्याची जत्रा आहे, सगळ्या गावांचे राजे राण्यांसह चालतात. काय ते कळव. मी त्याच्याशी शुक्रवारी पत्ते खेळतो या गुन्ह्याबद्दल सहा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस. पण हे पत्र तुझ्या भावाचं नाही, नेमबाज मंडळाच्या चिटणिसाचं आहे, असं समज.

तुझा,
लुडगर

ता. क. पोरांनी माझ्या दारात झाडू आणून ठेवलाय. तीन वर्षांपूर्वी सदरात मी लिहिलं होतं की ज्या दिवशी आमदार विमहोफ नेम धरून काही पाडतील त्या दिवशी गावचा हॉल मी एकट्यानं झाडीन. मी पोरांना शब्द दाखवले. ‘नेम धरून.’ हा गोंदाचा विजय होता. झाडू परत पाठवलाय.


ओबरहेल्मर्न, शनिवार, ३ ऑगस्ट

प्रिय इर्मगार्ड,

उत्तर नाही. ठीक आहे. टपालखात्याला दोष देऊन मी तुझी अब्रू राखतो.

इकडे मात्र मी रोज नव्यानं थक्क होतोय. राजाच्या घराला हिरवी कमान बांधली आहे, छपराच्या टोकावर पडलेला गरुड ठोकलाय (या खेपेला खिळ्यांनी, आल्फोन्स स्वतः चढला होता), आणि रिवाजाप्रमाणे राजाचं अंगण वर्षभर उघडं. ज्याला वाटेल त्यानं संध्याकाळी यावं, बाकावर बसावं, राजाची बिअर प्यावी.

यात काय विशेष, म्हणशील. तू त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं संसार केलास, तूच आठव. बेर्टोल्ड कुठेही वीस मिनिटांच्या वर थांबलाय का? लाकूडतोडीच्या मुकादमाचा पोरगा, पक्षाच्या तरुण मंडळात खुर्च्या मांडायला लागला आणि तिथून जो उठला तो बसलाच नाही. अग्निशमन दलाचा वर्धापनदिन, वीस मिनिटं. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना फळांची टोपली, वीस मिनिटं. कोंबड्यांचं प्रदर्शन, वीस मिनिटं आणि एका कोंबडीबरोबर फोटो. गावोगावच्या कुत्र्यांची नावं पाठ, माणसाचं गाऱ्हाणं सुरू झालं की घड्याळाकडे नजर, “नक्की बघतो हं,” आणि गाडी चालू. एकदा आठ महिने राज्यमंत्री होता, तेव्हा पंधरा मिनिटं. सहा निवडणुका त्यानं अशा जिंकल्या. लोकांना वाटायचं हा सगळीकडे असतो. तो सगळीकडून निघालेला असायचा.

पण राजा यजमान असतो, इर्मगार्ड. पाहुणा उठून जातो, यजमानाला उठता येत नाही. शेवटचा माणूस जाईपर्यंत बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा तुझा नवरा बसलाय.

गुरुवारी कास्परची नात आली, लेओनी. कडेवर अडीच वर्षांची मुलगी. बिअर नको म्हणाली, सफरचंदाचा रस घेतला. आल्फोन्स नेहमीसारखा टोमणे मारत होता, “महाराज, पुढची गोळी कुठे सोडताय? चर्चच्या घंटेवर सोडा, फार वाजते.” मग बेर्टोल्डनं लेओनीला सहज विचारलं, बाळाचा जन्म कुठला?

“खिंडीतल्या पार्किंगमधला,” ती म्हणाली.

त्याला वाटलं थट्टा. तो हसला.

“फेब्रुवारी होता,” ती म्हणाली. ग्लास खाली ठेवून, कुणाला रस्ता सांगावा तसं सांगत होती. “वाल्डरोडचं बंद झालं होतं म्हणून ब्रेमेकेला निघालो. खिंडीत बर्फाचा ट्रक आडवा पडला होता. टोर्बेनकाका गाडी चालवत होता. त्यानं फोनवर विचारत विचारत केलं. नाळ बुटाच्या नाडीनं बांधली. ही तासभर निळी होती.”

हे मलाही माहीत नव्हतं. गावात राहून, गावावर दर शनिवारी लिहून मला माहीत नव्हतं! गोंदवाल्याला मी महिनाभर सदरात सोलतोय.

“तुमचं कार्ड आलं होतं, आमदारसाहेब,” लेओनी पुढे म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा असता तर बरं झालं असतं. “अभिनंदनाचं. छान होतं. बदकाचं चित्र होतं वर.”

ती कार्डं तुला ठाऊकच आहेत. सही छापील असते.

बेर्टोल्डनं घड्याळाकडे पाहिलं. सवयीनं. मग त्यानं घड्याळ मनगटावरून काढलं आणि खिशात टाकलं. पोरीसाठी आणखी रस आणायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी आत डोकावलो. तुझ्या जुन्या ओट्यापाशी नुसता उभा होता.

“लुडगर,” तो म्हणाला, “मी ते कार्ड पाठवलं हे मला आठवतसुद्धा नाही रे.”

मला विनोद सुचेना. हा माझ्यासाठी त्या संध्याकाळचा दुसरा धक्का.

लुडगर


ओबरहेल्मर्न, सोमवार, १६ सप्टेंबर

प्रिय इर्मगार्ड,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा वर्षांनी दोन ओळी. ‘राणीपद नामंजूर. दहा ऑक्टोबरला तो काय म्हणतो ते ऐकेन.’ समोर सील माशाचं चित्र. मी ते बेर्टोल्डला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, सील माशाकडेही नीट पाहिलं, आणि म्हणाला, “अक्षर बदललं नाही तिचं.”

कालची जिल्ह्याची मिरवणूक सांगतो. चाळीसेक गावांचे राजे, राण्या रेशमी झग्यांत, आणि आमचा राजा पुन्हा कोपर वाकवून एकटा. रस्त्याच्या कडेला ब्रेमेकेच्या दाया उभ्या होत्या, पांढऱ्या कपड्यांत, हातात फलक नाहीत, काही नाही. तो आला तसं त्यांनी पाठ फिरवली. सगळ्यांनी एकदम. शिट्ट्या मारल्या असत्या तरी चाललं असतं. माणूस पाठीला काय उत्तर देणार? तो थांबला, टोपी काढून त्या पाठींना वाकला, आणि पुढे चालू लागला. मागच्या गावचा राजा त्याच्यावर आदळला.

त्यानंतर तंबूत पक्षाचे प्रतोद आले, डॉक्टर फाल्कनराट. निळा सूट, तंबूतल्या बाकावर रुमाल टाकून बसले. मी शेजारी चिटणीस म्हणून टिपणं काढायचं सोंग करत होतो.

“काय महाराज! शोभते हो माळ,” फाल्कनराट म्हणाले. “पुढच्या वर्षी निवडणूक. तुमची जागा पक्की आहे, मी बोललोय वर. आणि राज्यमंत्र्याची एक खुर्ची रिकामी होतेय.”

“प्रसूतिगृहाचं काय?”

“त्याचं काय? तज्ज्ञांचा अहवाल आहे. मोठं इस्पितळ, चांगली सेवा.”

“खिंडीत बर्फ पडतो, डॉक्टर.”

“बर्फ पक्षाच्या हातात नाही, बेर्टोल्ड. उमेदवारी आहे.” असं म्हणून त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं. “सत्तावीस वर्षांत तुमची काळजी करायची वेळ आमच्यावर आली नाही. हीच तर तुमची किंमत.”

बेर्टोल्ड म्हणाला, “नक्की बघतो हं.”

जुनं वाक्य. मी टिपण मिटलं. म्हटलं, संपलं. माणूस बसला काय, उठला काय, जात तीच. तुला खोटी आशा दाखवायची नाही म्हणून लिहितोय. दहा तारखेला रेडिओ लावू नकोस, चहा विक.

लुडगर


राजधानी, रेल्वे स्थानकाचं उपाहारगृह, गुरुवार, १० ऑक्टोबर

इर्मगार्ड,

टेबल डुगडुगतंय, अक्षर सांभाळून घे. तू रेडिओ ऐकला असशील तर तुला निकाल माहीत आहे. पण रेडिओवर दिसत नाही.

मी प्रेक्षकांच्या सज्जात होतो. शेजारी आल्फोन्स. तो आयुष्यात पहिल्यांदा राजधानीत आला. “आपल्या राजाला रक्षक नको का?” म्हणून. तलवार दारावर काढून घेतली, तेव्हापासून रुसला होता.

नावं पुकारून मतदान. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून हो किंवा नाही म्हणायचं. आडनावांच्या क्रमानं. विमहोफ शेवटून तिसरा, शाळेच्या हजेरीत असायचा तसाच. एकेक नाव येत गेलं, आल्फोन्स बोटांवर मोजत होता, बोटं संपल्यावर माझी घेतली. सगळे आपापल्या पक्षाप्रमाणे. फाल्कनराट तर फोनवर काहीतरी वाचत होते. आणि मग:

“विमहोफ, बेर्टोल्ड.”

तो उठला. कोटाच्या आत राजाची माळ होती, मला साखळीची किणकिण वरपर्यंत ऐकू आली. तो घसा खाकरत राहिला. अध्यक्षांनी पुन्हा नाव घेतलं.

“नाही,” तो म्हणाला.

अध्यक्षांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. “कृपया पुन्हा सांगा.”

“नाही. नाही म्हणालो मी.”

इर्मगार्ड, गरुड पडला तेव्हा मी पुडी पाहत होतो. या खेपेला मी डोळे उघडे ठेवून पाहिलं. पुन्हा तेच. तसेच उघडे जबडे. फाल्कनराटांचा फोन हातातून निसटून गालिचावर पडला, त्याचासुद्धा आवाज आला नाही. उरलेल्या दोघांची मतं कोणी ऐकलीच नाहीत. एका मतानं विधेयक पडलं.

“च्यायला,” आल्फोन्स माझ्या कानात म्हणाला, “पडलं की रे. आख्खं.”

बेर्टोल्ड बसला नाही. बराच वेळ तसाच उभा होता, बाकाला धरून. मला वाटतं या सभागृहात सगळ्यात जास्त धक्का त्यालाच बसला होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, भाषण लिहून देऊ का, खुलासा वगैरे? सत्तावीस वर्षं मीच लिहून देतोय.

“एका शब्दाला भाषण कशाला?” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “ती ऐकत होती का रे?”

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. आता गाडी येतेय.

लुडगर


ओबरहेल्मर्न, रविवार, ३ नोव्हेंबर

प्रिय इर्मगार्ड,

तुझ्या दुसऱ्या पोस्टकार्डाची पोच. ‘त्या हिरव्या झग्यात मी आता मावत नाही.’ एवढंच. बेर्टोल्ड ते घेऊन दोन दिवस फिरतोय आणि मला विचारतोय याचा अर्थ काय. मी म्हटलं, अर्थ शिंपिणीला विचार. त्यानं खरंच विचारलं. ती म्हणते जत्रा जुलैत आहे, वेळ भरपूर, माप पाठवा.

बाकीची हकीकत तू अंदाजानं ओळखली असशीलच. काल आमच्या हॉलमध्ये पक्षाची उमेदवार निवडीची सभा झाली. फाल्कनराट जातीनं आले होते. समोर एक तिशीचा वकील, दात उत्तम. चिठ्ठ्यांवर नावं लिहून पेटीत टाकली. बेर्टोल्डचं नाव किती चिठ्ठ्यांवर होतं ते मी सांगत नाही, टेबलावरच्या बिअरच्या ग्लासांपेक्षा कमी होतं. ज्यांच्या सुना-मुलींसाठी तो ‘नाही’ म्हणाला त्यांच्यातल्याच कित्येकांनी वकिलाचं नाव लिहिलं. त्यातला एकजण दारात मला म्हणाला, “त्यानं केलं ते बरोबरच केलं हो. पण भरवशाचा राहिला नाही ना आता.” मी या गावात जन्मलो, इथेच म्हातारा होतोय, आणि तरी हे वाक्य मला नवीन होतं.

आणि ब्रेमेकेच्या दाया? त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं आणि खाली लिहिलं की इस्पितळाच्या पार्किंगचंही तेवढं बघावं.

निकाल लागल्यावर बेर्टोल्ड उठला, वकिलाशी हस्तांदोलन केलं. सगळ्यांना वाटलं आता निघेल. तो निघाला नाही. शेवटचा माणूस जाईपर्यंत बाकावर बसून होता. लेओनीची पोरगी त्याच्या मांडीवर चढून माळेतली चांदीची पदकं वाजवत होती. टोर्बेननं त्याला एक बिअर आणून दिली, न मागता. त्यानं ती घेतली, आणि दोघांनी ग्लासाला ग्लास लावला.

आज सकाळी सगळे चर्चमध्ये असताना मी हॉलवर गेलो. किल्ली चिटणिसाकडे असतेच. कोपऱ्यात पोरांनी जुलैत माझ्या दारात ठेवलेला तोच झाडू होता, अजून माझ्या नावाची चिठ्ठी लटकवलेला. या खेपेला गोंद नव्हता. चिठ्ठी काढून खिशात घातली. खुर्च्या भिंतीला लावल्या आणि मंचापासून दारापर्यंत सगळं झाडून काढलं: सिगारेटची थोटकं, बाटल्यांची बुचं, आणि चुरगळलेल्या चिठ्ठ्या, वकिलाच्या नावाच्या बऱ्याच, त्याच्या नावाच्या थोड्या. मोजल्या नाहीत. सगळ्या एकाच सुपड्यात भरल्या. शेवटच्या बाकाखाली मोहरीच्या चटणीची एक पुडी सापडली, न फाडलेली. तीही झाडली.

मग झाडू खुंटीला टांगला, कुलूप लावलं आणि कोणी यायच्या आत घरी आलो.

तुझा भाऊ,
लुडगर